गोष्ट कोण सांगतंय?

दारावर थाप पडली आणि घरातली एक बाई उठली. एवढीच घटना. पण ती तीन तऱ्हांनी सांगता येते : 'मी उठले', 'ती उठली', 'त्या उठल्या'. पहिल्या वाक्यात बाई स्वतः बोलते. दुसऱ्यात तिच्याकडे कुणीतरी बाहेरून पाहतं आहे. तिसऱ्यात पाहणाराही कळतो. तिला मान देणारा, बहुधा वयानं लहान. सर्वनाम बदललं की गोष्ट सांगणारा बदलतो.

आता हे पाहा : 'सावित्री उंबऱ्यात थांबली. आपण यायला नको होतं, असं तिला वाटलं.' इथं 'तिला' म्हणणारा निवेदक बाहेर उभा आहे. 'आपण' मात्र सावित्रीच्या मनातलं आहे. पुढच्याच ओळीत सासूच्या मनातलं आलं, तर वाचकाला क्षणभर ठेच लागते. नवोदित लेखकांच्या कथेत असं पुष्कळदा होतं.

हा निव्वळ व्याकरणाचा प्रश्न नाही. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून हरि नारायण आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः लिहिली. लिहिणारा पंचविशी ओलांडलेला पुरुष. पण कादंबरीतला 'मी' आहे यमू, लहानपणी लग्न होऊन पुढे विधवा झालेली मुलगी. लेखक आणि निवेदक एकच असतात असं नाही, ते इथं स्पष्ट दिसतं. 'तिचं केशवपन केलं' हे वाक्य वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. 'माझं केशवपन केलं' म्हटलं की सांगणारी समोर येऊन बसते. तिचं ऐकावंच लागतं.

पण 'मी' म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा? वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा, तिघंही 'मी' म्हणून आपापली बाजू मांडतात. एकीची 'मी' दुसरीच्या तोंडी 'ती' होते. प्रत्येकाला स्वतःचं मन ठाऊक, दुसऱ्याचं फक्त वागणं दिसतं. निवाडा वाचकावर सोपवलेला असतो.

आज एखादी आवडती कथा काढा. तिच्यातलं एक पान 'मी'ऐवजी 'ती' घालून वाचा. काही वाक्यं तशीच चालतील, काही अडतील. जी अडतील, त्यांच्यातच त्या कथेचा जीव आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)