जास्वंदीच्या कळ्या गळतात आणि गिऱ्हाईकही!

व्हिडिओमध्ये जास्वंदीचं कलम कसं लावायचं ते दाखवलं. आज त्यामागची कारणं आणि धंद्याचा हिशोब लिहून देतोय.

आधी माझी चूक सांगतो. नर्सरीचं दुकान टाकल्यावर तिसऱ्या वर्षी गणपतीच्या तोंडावर बाहेरून 60 लाल जास्वंदी आणल्या. प्रत्येकीवर भरपूर कळ्या. चार दिवसांत माल संपला, मी खूश! आठवड्यात एक काकू रोप घेऊन परत आल्या. "बाप्पाला घरचं फूल वाहायचं म्हणून घेतलं रे, एक कळी उमलली नाही." त्यांच्यामागे आणखी लोक आले. 17 रोपं बदलून दिली आणि सीझनचा नफा तिथेच गेला. पण खरं लागलं ते काकूंचं बोलणं.

तेव्हा एक गोष्ट कळली. जास्वंदीची विक्री गल्ल्यावर पूर्ण होत नाही, गिऱ्हाईकाच्या घरी कळी उमलते तेव्हा होते.

कळ्या का गळाल्या?

उघड्या उन्हात वाढलेली रोपं मी थेट हिरव्या नेटखाली ठेवली, तिथून ती लोकांच्या बाल्कनीत गेली. जागा बदलली, ऊन कमी झालं, पाण्याची वेळ चुकली, की जास्वंद आधी कळ्या टाकते. शिवाय पानांच्या बेचक्यात मिलीबग होता, तो मी बघितलाच नाही.

आता मी काय करतो?

1. कलम घरचंच. पावसाळ्यात निरोगी झाडाची पेन्सिलीएवढी जाड, 5-6 इंचांची फांदी घ्यायची. खालची पानं काढायची, वरची दोन-तीन ठेवायची. माती आणि कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात खोचून सावलीत ठेवायचं. साधारण दीड महिन्यात मुळं धरतात. साधी लाल जास्वंद अशी सहज येते. मोठ्या फुलांच्या हायब्रीड जाती मात्र हट्टी असतात, त्या बऱ्याचदा देशी जास्वंदीवर कलम बांधून करतात. म्हणून सुरुवात लाल जास्वंदीने करा.

2. छाटणीला घाबरू नका. फूल नव्या फुटीवर येतं. शेंडा खुडला की फांद्या वाढतात, फांद्या वाढल्या की कळ्या वाढतात.

3. ऊन आणि पाणी. रोज पाच-सहा तास ऊन हवंच. मातीचा वरचा थर सुकला की भरपूर पाणी द्या, पण कुंडीत साचू देऊ नका.

4. खत बेताने. "फुलं येत नाहीत, डीएपी टाका" असं सर्रास सांगतात. जास्वंदीला जास्त फॉस्फरस मानवत नाही. मी शेणखत देतो आणि सोबत पोटॅश थोडं.

5. कीड रोज बघा. भेंडी, कापूस आणि जास्वंद एकाच कुळातले, त्यामुळे मावा, पांढरी माशी, मिलीबग हे पाहुणेही तेच. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पान उलटून बघा. लिटरभर पाण्यात 5 मिली निमतेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. नवीन आणलेला माल दोन आठवडे वेगळा ठेवा.

आता हिशोब

या श्रावणात लावलेलं कलम मी पुढच्या गणपतीला विकतो. म्हणजे पैसा वर्षभर अडकतो. कुंडी, माती, पाणी, मजुरी आणि मेलेली कलमं, सगळं धरूनच भाव काढा. बाहेरचा माल स्वस्त वाटतो, पण बदलून दिलेल्या रोपांचा खर्च त्यात कोणी धरत नाही.

विकायच्या आधी पंधरा दिवस रोपं अर्धवट उन्हात सवयीला ठेवतो. आणि प्रत्येक रोपासोबत एक चिठ्ठी देतो: "जागा सारखी बदलू नका. फूल एका दिवसात मिटतं, ते रोगाचं लक्षण नाही."

त्या काकू आता दरवर्षी येतात. मागच्या वेळी शेजारणीलाही घेऊन आल्या. ही जाहिरात विकत मिळत नाही, मंडळी! चला, कामाला लागा.