डोळा उघडला, पण मेंदूचं काय?

मोतीबिंदू म्हटलं की आजी-आजोबा आठवतात. पण काही बाळं तो घेऊनच जन्मतात. आजोबांची शस्त्रक्रिया चार महिने लांबली तरी नंतर दिसू लागतं. बाळाच्या बाबतीत मात्र पहिले काही आठवडेच मोलाचे. कारण बघायला मेंदू शिकतो, तेही सरावानं.

हे तपासायला डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या संशोधकांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही महिने बंद ठेवला. उघडला तेव्हा डोळा धड होता, पण मेंदूतल्या बहुतेक दृष्टिपेशी त्याला दाद देईनात. त्याची जागा दुसऱ्या डोळ्यानं बळकावली होती. मोठ्या मांजरांत असं घडलं नाही. या संशोधकांना १९८१ साली नोबेल मिळालं.

कपाशी पिकवणाऱ्या वर्धा जिल्ह्याला पेरणीची वेळ साधण्याचं मोल सांगायला नको. उशिराच्या पेरणीतही काही हाती लागतं, तसंच उशिरा उपचार झालेली मुलंही थोडंफार बघायला शिकतात. पण बारीक नजर सहसा अधूच राहते.

म्हणून बाळाच्या डोळ्यातल्या बाहुलीत पांढरट झाक दिसली किंवा डोळा तिरळा वाटला, तर ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणू नका. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवा.