हरमन कासवाच्या पिल्लाची शुश्रूषा

हरमन कासव ही दक्षिण युरोपात आढळणारी, जमिनीवर राहणारी शाकाहारी कासवाची प्रजाती आहे. स्पेनपासून इटली व बाल्कन प्रदेशापर्यंत तिचा आढळ आहे. टेस्टुडो हर्मानी हे तिचे शास्त्रीय नाव स्ट्रासबर्ग येथील निसर्गअभ्यासक योहान हरमन यांच्या नावावरून पडले. युरोपात ही कासवे मोठ्या प्रमाणावर घरी पाळली जातात. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू ३ ते ४ सेंटिमीटर लांब असून त्याचे वजन साधारणपणे १० ते १५ ग्रॅम भरते. इतक्या लहान शरीरात पाण्याचा व अन्नाचा साठा थोडाच मावतो. त्यामुळे प्रौढ कासव कित्येक आठवडे सहन करते तो आजार पिल्लाचा काही दिवसांत बळी घेऊ शकतो. पाळीव पिल्लांचे बहुतेक आजार उष्णता, पाणी, प्रकाश व आहार यांतील चुकांमधून उद्भवतात.

लक्षणे

निरोगी पिल्लू डोळे उघडे ठेवते, पोट जमिनीपासून उचलून चालते आणि उचलून घेतल्यास पाय झाडते. आजारी पिल्लू दिवसाही डोळे मिटून पडून राहते, खाणे सोडते आणि हातात हलके लागते. डोळे खोल जाणे हे निर्जलीकरणाचे लक्षण आहे. कासवाच्या मूत्राबरोबर युरिक आम्लाचा पांढरा भाग बाहेर पडतो. तो मऊ व पातळ असल्यास चिंतेचे कारण नसते. मात्र तो घट्ट व रवाळ झाल्यास शरीरात पाणी कमी पडले आहे असे समजले जाते.

कासव आजार दीर्घकाळ लपवते, म्हणून वजनाची नोंद ही नुसत्या निरीक्षणापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते. त्यासाठी ग्रॅममध्ये मोजणारा लहान वजनकाटा पुरतो. लांबी व वजन यांची सांगड घालणारे जॅक्सन गुणोत्तर मोठ्या कासवांसाठी मांडले गेले असून पिल्लांना ते लावता येत नाही. पिल्लाच्या बाबतीत त्याच्या स्वतःच्या आधीच्या वजनाशीच तुलना करावी लागते.

ऊब आणि पाणी

कासव शीतरक्ताचे असल्याने त्याचे पचन, रोगप्रतिकार आणि औषधाचे शोषण ही सर्व कार्ये बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असतात. थंड पडलेल्या पिल्लाला दिलेले अन्न पोटात न पचता कुजते, तर प्रतिजैविके अपेक्षित परिणाम करत नाहीत. त्यामुळे आधी ऊब, मग पाणी आणि त्यानंतर अन्न असा क्रम पाळला जातो. दिव्याखालील जागा ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवतात, मात्र पेटीचा दुसरा भाग त्याहून थंड असावा लागतो, म्हणजे पिल्लाला जागा निवडता येते. निरोगी पिल्लाला रात्रीचा गारवा मानवतो. आजारी पिल्लाच्या पेटीचे तापमान रात्रीही सुमारे २५ अंशांच्या खाली जाऊ देत नाहीत. आजारी पिल्लाला शीतनिद्रेत जाऊ देणे धोक्याचे असते.

पिल्लाला रोज १५ ते २० मिनिटे कोमट पाण्यात ठेवतात. पाण्याची पातळी हनुवटीच्या खाली असावी लागते, कारण अशक्त पिल्लू मान वर धरू न शकल्यास उथळ पाण्यातही बुडते. पाण्यात ठेवल्यावर पिल्लू बहुधा पाणी पिते व मलमूत्र विसर्जन करते. नंतर त्याला पुसून लगेच उबेत ठेवावे लागते. जबरदस्तीने अन्न भरवण्याचे काम पशुवैद्याकडे सोपवले जाते, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असल्याने घास फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

कवचाचे विकार

पहिल्या काही महिन्यांत पोटाकडील कवच किंचित लवचिक असणे स्वाभाविक आहे. वाढत्या वयाबरोबर ते टणक होण्याऐवजी मऊ पडू लागल्यास मात्र हाडांच्या विकाराची शंका घेतली जाते. कॅल्शियमच्या शोषणासाठी ड-३ जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण आवश्यक असतात. खिडकीची काच हे किरण अडवते. त्यामुळे काचेआड उन्हात ठेवलेल्या पिल्लाला ऊब मिळते, पण ड-३ जीवनसत्त्व मिळत नाही. अशा पिल्लांसाठी अतिनील किरणांचा विशेष दिवा वापरतात, तसेच डँडेलियनसारखी रानपाने, कॅल्शियमची भुकटी किंवा समुद्रफेस देतात. काकडी व लेट्यूसवर पोसलेले पिल्लू आवडीने खात असले तरी त्याच्या हाडांना पुरेसे पोषण मिळत नाही.

कवचावर उंचवटे येण्याचे खापर पूर्वी प्रामुख्याने प्रथिनयुक्त आहारावर फोडले जाई. व्हिएन्ना येथे आफ्रिकेतील सुलकाटा कासवाच्या पिल्लांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हवेतील आर्द्रतेचा प्रभाव प्रथिनांपेक्षा बराच अधिक आढळला. आलेले उंचवटे सपाट होत नाहीत. पुढील वाढ मात्र सुधारू शकते.

श्वसनाचे विकार आणि औषधे

कासवांना सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसते आणि खोकून कफ बाहेर टाकणेही त्यांना जमत नाही. नाकातून बुडबुडे येणे हे संसर्गाचे लक्षण आहे, तर मान ताणून तोंडाने श्वास घेणे ही तातडीची स्थिती मानली जाते. मायकोप्लाझ्मा व हर्पीस विषाणू यांचा संसर्ग एका कासवाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून आजारी पिल्लाला वेगळे ठेवतात.

कुत्री व गुरे यांच्या जंतांवर वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना प्राणघातक ठरू शकते. अ जीवनसत्त्वाच्या अतिरिक्त मात्रेच्या इंजेक्शनाने त्यांची त्वचा सोलवटून निघते. डोळे सुजलेल्या प्रत्येक कासवाला अ जीवनसत्त्व देण्याची जुनी सवय पाणकासवांवरील अनुभवातून आली असावी. पाने खाणाऱ्या हरमन कासवात ही कमतरता क्वचितच असते.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळे हाताळणीनंतर साबणाने हात धुणे आवश्यक असते.

भारतातील स्थिती

भारतात छुप्या रीतीने पाळले जाणारे तारा कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असून ते बाळगणे गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार बंदी आहे. तारा कासवाचे आजारी पिल्लू आढळल्यास ते घरी न ठेवता वनविभागाच्या स्वाधीन करावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा मदत क्रमांक आहे. पिल्लू सोपवेपर्यंत त्याला हवेशीर खोक्यात, उबदार व शांत जागी ठेवणे पुरेसे असते.