परिचारकाची उपचारज्ञता : शोथहर व जंतुघ्न औषधांच्या संदर्भात

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच. यांतील पहिल्या गुणाची व्याप्ती आज वाढली आहे. कारण आपल्याकडे येणारे अनेक रुग्ण आधुनिक औषधे घेतच येतात.

संधिवाताची एक रुग्णा विरेचनासाठी माझ्याकडे दाखल झाली होती. केसपेपरवर ‘इतर औषधे : नाहीत’ अशी माझ्याच हातची नोंद होती. सायंकाळी परिचारिकेने तिला औषधांची पिशवी दाखवावयास सांगितली, तेव्हा डायक्लोफिनॅकच्या आणि रक्तदाबासाठीच्या मूत्रल गोळ्या निघाल्या. ‘दुखण्याची गोळी म्हणजे काही औषध नव्हे,’ असा तिचा समज होता. विरेचन आम्ही पुढे ढकलले.

त्यामागील कारण प्रत्येक परिचारकास ठाऊक असावे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन इत्यादी शोथहर औषधे प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात. ॲस्पिरिनचे हे कार्य जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. त्यामुळे वेदना, शोथ व ज्वर कमी होतात; परंतु हीच द्रव्ये आमाशयाच्या आवरणाचे रक्षण करतात आणि वृक्कांचा रक्तपुरवठा राखतात. विरेचनाने द्रवांश घटलेला असताना ही गोळी, विशेषतः मूत्रल औषधासह, पोटात गेल्यास वृक्कांना इजा होऊ शकते.

म्हणून ही औषधे जेवणानंतर द्यावीत आणि मूत्राच्या प्रमाणावर लक्ष ठेवावे. डांबरासारखा काळा, चिकट, दुर्गंधी मल हे रक्तस्रावाचे लक्षण होय. लोहकल्पांनीही मल काळसर होतो. मात्र तेवढ्यावरून निश्चिंत न राहता वैद्यास तत्काळ कळवावे. डेंग्यूचा संशय असल्यास ही औषधे टाळून ज्वरासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत द्यावे. दीर्घकाळ चालू असलेली स्टिरॉइडे अचानक बंद करू नयेत.

शोथहर औषध जंतूंचा नाश करीत नाही. केवळ ज्वर झाकते. यास्तव तापमानाच्या नोंदीपुढे ज्वरघ्न गोळी दिल्याची वेळही लिहावी.

प्रतिजैविके जीवाणूंवर कार्य करतात. विषाणूजन्य सर्दीत त्यांचा उपयोग नाही. पहिल्या मात्रेपूर्वी ॲलर्जीविषयी विचारावे. इंजेक्शननंतर पुरळ, ओठांवर सूज वा श्वासकष्ट दिसल्यास ती आणीबाणी समजावी. डॉक्सिसायक्लिन बसून, भरपूर पाण्याबरोबर घ्यावे व लगेच आडवे होऊ नये. अन्यथा अन्ननलिकेत व्रण होऊ शकतो. कॅल्शियम व लोह यांमुळे डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांचे शोषण घटते. आपल्या शंखभस्मात व प्रवाळात कॅल्शियम, तर मंडुरात लोह आहे. अशा प्रतिजैविकाबरोबर ही भस्मे एकाच वेळी देऊ नयेत. प्रतिजैविक आधी देऊन किमान दोन-तीन तासांनी भस्म द्यावे. ज्वर उतरला म्हणून रुग्णाने स्वतःहून औषध थांबवू नये.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे परिचर्येचे पाच नियम आहेत. आपल्या रुग्णालयांत त्यांना एका प्रश्नाची जोड द्यावी. ‘औषधे घेता का?’ एवढेच न विचारता दुखण्याची, तापाची, रक्तदाबाची, झोपेची अशी एकेका गोळीची विचारणा करावी आणि पिशवी प्रत्यक्ष पाहावी. त्या सायंकाळी माझ्या परिचारिकेने तेच केले. जे मी करावयास हवे होते, ते तिने केले.