भाजीपाला रोपवाटिकेसाठी मागणी नोंदवही

अलीकडे टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी या पिकांची तयार रोपे विकत घेऊन लागवड करण्याकडे बराच कल आहे. त्यामुळे अनेक तरुणांनी शेडनेटमध्ये प्रो-ट्रेवरील रोपवाटिका सुरू केल्या आहेत. रोपे चांगली तयार होतात. परंतु मागणीचा हिशेब तोंडी ठेवल्याने नुकसान होते. फोनवर घेतलेली मागणी विसरली, तर समोरच्या शेतकऱ्याचा हंगाम हुकतो. एकाच मागणीची दोनदा पेरणी झाली, तर रोपे ट्रेमध्येच जून होऊन टाकून द्यावी लागतात. हे टाळण्यासाठी दोनशे पानी रजिस्टर, भिंतीवरची दिनदर्शिका आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या एवढे साहित्य पुरेसे आहे.

नोंद कशी करावी?

प्रत्येक मागणीला एक क्रमांक द्यावा व तिच्यासाठी एकच ओळ वापरावी. ओळीत पुढील रकाने आखावेत :

१) मागणी क्रमांक व तारीख
२) नाव, गाव, फोन
३) पीक, वाण व बियाण्याचा लॉट क्रमांक
४) रोपांची संख्या
५) रोपे हवी असलेली तारीख
६) पेरणीची तारीख व ट्रे
७) इसार व बाकी
८) स्थिती

मागणी फोनवर आली तरी ती लगेच रजिस्टरमध्ये उतरवावी. इसार मिळाल्याशिवाय पेरणी करू नये. पावतीवर मागणी क्रमांक अवश्य लिहावा.

पेरणीची तारीख कशी काढावी?

रोपे हवी असलेल्या तारखेपासून मागे मोजावे. ट्रेमध्ये टोमॅटो व कोबीची रोपे साधारण २५ दिवसांत, तर मिरचीची ३५ ते ४० दिवसांत तयार होतात. थंडीत काही दिवस जास्त धरावेत.

उदाहरणार्थ, २० जुलैला टोमॅटोची ५,००० रोपे हवी आहेत. २५ दिवस मागे गेल्यास पेरणी २५ जूनला येते. उगवण व मर लक्षात घेऊन १० टक्के जास्त, म्हणजे ५,५०० बिया धराव्यात. ९८ कप्प्यांचा ट्रे असेल तर ५७ ट्रे लागतील. ही तारीख दिनदर्शिकेवर मागणी क्रमांकासह लिहावी. तोच क्रमांक पट्टीवर लिहून ट्रेच्या ओळीत खोचावा. त्यामुळे मजूर बदलला तरी ट्रे कोणाचे हे समजते.

स्थितीच्या खुणा

पेरणी झाली की ‘पे’, उगवण मोजली की ‘उ’, गिऱ्हाइकाला कळवले की ‘क’ आणि रोपे दिली की ‘दि’ असे लिहावे. टोमॅटोची उगवण आठवडाभरात, तर मिरचीची दहा-बारा दिवसांत मोजावी. रोपे कमी पडणार असतील तर त्याच दिवशी गिऱ्हाइकाला सांगावे, म्हणजे त्याला दुसरी सोय करता येते. रोपे देण्याच्या पाच दिवस आधी फोन करावा. त्याच सुमारास पाणी कमी करून रोपे कणखर करावीत.

पाऊस लांबल्यास शेतकरी रोपे उशिरा नेतात. अशा वेळी जुनी तारीख खोडू नये. शेजारी नवीन तारीख लिहावी. किती दिवस रोपे राखून ठेवणार, हे इसार घेतानाच पावतीवर लिहिलेले असावे.

आठवड्याचा आढावा

दर रविवारी ‘दि’ नसलेल्या सर्व ओळी वाचाव्यात. पुढील आठवड्याची पेरणी, द्यावयाची रोपे व येणे बाकी त्यातूनच कळते. बियाण्याबाबत तक्रार आल्यास लॉट क्रमांक उपयोगी पडतो. म्हणून रिकामी पाकिटे व बिलेही जपून ठेवावीत.

मागणी वाढल्यावर हेच रकाने मोबाइल किंवा संगणकावरील तक्त्यात घेता येतील. मात्र वहीची सवय नसेल, तर संगणकही उपयोगी पडणार नाही. येत्या हंगामातील पहिल्या मागणीपासूनच नोंदीस सुरुवात करावी.