भुज ते दिब्रुगड: अंतर एक, वेळा अनेक

भुजचा विमानतळ कच्छच्या कोरड्या माळावर, तर दिब्रुगडचा मोहनबारी विमानतळ ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, चहाच्या मळ्यांच्या मुलखात. दोन्ही एकाच देशात आणि एकाच घड्याळावर चालणारे. मधलं अंतर किती?

तीस सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर मी दोरा धरून पाहिला. एक टोक भुजवर अंगठ्याखाली दाबलं, दुसरं दिब्रुगडवर, आणि दोरा ताणला. जेमतेम सहा सेंटिमीटर! प्रत्यक्षात हे अंतर सुमारे 2,585 किलोमीटर आहे. गंमत पुढेच आहे. अक्षांश-रेखांशांच्या चौकोनी जाळीवर पट्टीनं रेघ ओढली, तर तिचा मध्य प्रयागराजजवळ येतो. ताणलेला दोरा मात्र तिथून साठेक किलोमीटर उत्तरेला, प्रतापगडाजवळून जातो. गोलावर हा फरक दीड मिलिमीटरचा. पुढे तो दोरा नेपाळची तराई, सिलिगुडीचा परिसर आणि भूतानचा दक्षिण भाग ओलांडून आसामात उतरतो. सपाट कागदावर वाकडी दिसणारी ही वाटच खरी जवळची; तिला बृहद्वृत्त म्हणतात. इथे तिनं वाचतात ते पाचच किलोमीटर, पण गोल पृथ्वी हातातल्या दोऱ्याला जाणवते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता वेळ. या वाटेनं थेट विमान जातं असं धरू. मोठं जेट विमान हवेच्या तुलनेत ताशी 830 किलोमीटरनं जातं, म्हणजे वारा पडलेला असेल तर साधारण 3 तास 7 मिनिटं. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारा कुठला पडायला! हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. तो ताशी 150 किलोमीटरचा धरला, तर जाताना 2 तास 40 मिनिटं पुरतात आणि येताना 3 तास 48 मिनिटं लागतात. चढण्या-उतरण्याची वीसेक मिनिटं वेगळी. पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून हा फरक पडतो, असं अनेकांना वाटतं. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. फरक पाडतो तो वारा. पावसाळ्यात हा प्रवाह तिबेटच्या उत्तरेला सरकतो, आणि मग जाण्या-येण्याच्या वेळांत एवढी तफावत उरत नाही.

आणि सूर्य? दोन गावांमध्ये 25 अंशांहून थोडं जास्त रेखांशीय अंतर आहे, आणि दर अंशाला चार मिनिटं. 21 मार्चच्या सुमारास दिब्रुगडला सव्वापाचला उजाडतं, भुजला सूर्य उगवायला जवळजवळ सात वाजतात. आसामातल्या चहामळ्यांनी तर यावर आपला तोडगा काढला आहे: तिथला ‘बागान टाइम’ भारतीय प्रमाणवेळेच्या तासभर पुढे असतो. प्रमाणवेळेचं 82.5 अंश रेखावृत्त मिर्झापूरजवळून जातं, आणि आपल्या दोऱ्याचा मध्यही त्याच्या अगदी जवळ, 82.1 अंशांवर येतो. दोन्ही टोकं घड्याळापासून जवळजवळ सारखीच लांब!

त्याच दिवसांत दिब्रुगडहून दुपारी अडीचला निघा. तिथला सूर्य 5 वाजून 20 मिनिटांच्या आसपास मावळेल. समोरचा वारा कापत तुम्ही पावणेसातच्या आत भुजला उतराल, आणि खिडकीतून पाहाल तर धावपट्टीवर अजून ऊन असेल.