संगणकांतून पुसल्या गेलेल्या हस्तलिखित-छायाचित्रांचा पुनर्लाभ

सातारा व सांगली हे दोन जिल्हे जुन्या कागदांचें आगर होत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, तो वाईस सांपडलेल्या कागदांवरून. पारसनिसांनीं साताऱ्यास आपला संग्रह उभारला. तो पुढें १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. मिरजेस संस्कृताचें अध्यापन करीत असतां वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. त्या पिढीस एकेक पत्र हातानें उतरून घ्यावें लागे. आज आपण कॅमेऱ्यानें एका दिवसांत शेंकडों पानांच्या प्रतिमा घेतों. परंतु हातानें उतरलेली प्रत एका चुकीच्या कळीनें नाहींशी होत नसे. या प्रतिमा होतात. त्या परत कशा मिळवाव्या, याचा विचार या लेखांत कर्तव्य आहे.

हा विषय केवळ यंत्रज्ञांचा नव्हे. कृष्णेला २००५, २०१९ व २०२१ सालीं मोठे पूर आले. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. अशा पुरांत पोथ्यांचे रुमाल भिजले, कीं शाई फुटते आणि पानें एकमेकांस चिकटून त्यांचा लगदा होतो. मूळ पोथी गेली व तिचें छायाचित्र तेवढें राहिलें, तर तें छायाचित्र हेंच त्या ग्रंथाचें एकमेव साक्षी ठरतें. तें पुसलें गेलें, तर एक पाठपरंपरा समूळ तुटते.

प्रथम 'पुसणें' म्हणजे काय, तें पाहूं. पाणिनीनें लोपाची व्याख्या करितांना 'न दिसणें' एवढेंच सांगितलें, 'नष्ट होणें' असें म्हटलें नाहीं. आणि लोप पावलेल्या प्रत्ययाचें कार्य पुढें चालूच राहतें, असेंही त्यानें मानलें. संगणकांतील लोप बव्हंशीं याच जातीचा आहे. दप्तरखान्यांत रुमाल कपाटांत असतात व त्यांची तालिका वेगळी असते. तालिकेंतील एक ओळ खोडली, म्हणून कपाटांतला रुमाल जळत नाहीं. मात्र 'ही जागा रिकामी' असें समजून कारकून तेथें दुसरा रुमाल ठेवूं लागतो. संगणकाच्या चकतीवरही हेंच घडतें. विंडोजमध्यें सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या एनटीएफएस पद्धतींत फाइलीच्या नोंदीवर 'वापरांत नाहीं' अशी खूण होते व तिची जागा मोकळी धरली जाते. कॅमेऱ्याच्या कार्डांत बहुधा फॅट कुळांतील पद्धति असते. तिच्या जुन्या प्रकारांत नांवाच्या पहिल्या अक्षराच्या जागीं लोपाची खूण बसते आणि फाइलीचे खंड कोठकोठें आहेत, ती सांखळी पुसली जाते. प्रतिमा मात्र त्या क्षणीं जागच्या जागीं असते.

यावरून पहिला नियम निघतो: चूक ध्यानांत येतांच त्या चकतीवर कांहींएक लिहूं नये. नवें छायाचित्र उतरवूं नये व पुनःप्राप्तीचा कार्यक्रम त्याच चकतीवर बसवूं नये. नुसता चालू ठेवलेला संगणकही आपल्या नोंदी आपोआप लिहीत असतो. म्हणून प्रतिमा ज्या चकतीवर होत्या, तिच्यावरूनच संगणक चालत असेल, तर तो बंद करून ती चकती दुसऱ्या संगणकास जोडावी हें उत्तम. परत मिळणाऱ्या प्रतिमा सांठवावयास दुसरी चकती हवी. कार्ड असेल तर तें कॅमेऱ्यांतून काढून बाजूस ठेवावें.

नंतर सोपीं स्थळें आधीं धुंडाळावीं. विंडोजची 'रिसायकल बिन' पाहावी. मात्र शिफ्टची कळ दाबून पुसलेली फाइल तेथें जात नाहीं. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणीं प्रति ठेवली असल्यास तेथील कचरापेटींत ती ३० दिवस राहते. मुदत टळली कीं गेली. येथें एक सावधगिरी: जेथें दोन ठिकाणें परस्परांशीं जोडलेलीं असतात, तेथें एकीकडे पुसलेलें दुसरीकडेही पुसलें जातें. कॅमेऱ्याचें जुनें कार्डही तपासावें. पुष्कळदा मूळ प्रतिमा तेथें पडून असतात. स्नेह्यास व्हॉट्सॲपवरून पाठविलेली प्रत सांपडली तर आनंदच. परंतु ती बहुधा आकारानें लहान केलेली असते व समासांतील बारीक टीपा तींत वाचतां येत नाहींत.

एवढ्यानें काम न झाल्यास खऱ्या शोधास लागावें. त्याचे मार्ग दोन. पहिला तालिकेचा: खोडलेली नोंद अजून शाबूत असेल, तर रेक्युवा किंवा टेस्टडिस्क यांसारखे कार्यक्रम ती वाचून फाइल नांवासकट परत देतात. दुसरा मार्ग लक्षणांचा: तालिकाच नाहींशी झाली असतां सगळी चकती आरंभापासून अखेरपर्यंत चाळावयाची. मोडी पत्रांचा विस्कटलेला ढीग पुढें आला असतां आपण काय करितों? माथ्यावरील 'श्री' पाहून पत्राचा आरंभ ओळखतों व मोर्तब पाहून शेवट. संगणकाच्या लेखींही अशीं चिन्हें आहेत. जेपेग जातीची प्रतिमा २५५ व २१६ या दोन अंकांनीं सुरू होते आणि २५५ व २१७ या दोहोंनीं संपते. टिफ जातीच्या आरंभीं 'आय' किंवा 'एम' हें इंग्रजी अक्षर दोनदां येऊन त्यापुढें ४२ हा अंक असतो. ख्रिस्तोफ ग्रेनिये यांचा फोटोरेक हा विनामूल्य कार्यक्रम याच रीतीनें चालतो.

या दुसऱ्या मार्गाच्या मर्यादा जाणून असाव्या. मोठ्या फाइलीचे खंड चकतीवर विखुरलेले असतील, तर आरंभ सांपडतो पण पुढचा भाग भलत्याच फाइलीचा येतो. अर्धें पान स्वच्छ व खालीं करडा पट्टा किंवा रंगांचा गोंधळ, असें तें दिसतें. जागेवर नवें लिहिलें गेलें असेल, तर उपाय नाहीं. आर्किमिडीजच्या ग्रंथाचीं चर्मपत्रें खरवडून त्यांवर १२२९ सालीं प्रार्थना लिहिल्या गेल्या, तरी खालची शाई हायबर्ग यांनीं १९०६ मध्यें ओळखली. आजच्या चकतीवर असें दुहेरी लेखन वाचतां येत नाहीं; चर्मावर शाईचा डाग मागें राहतो, येथें अंकाच्या जागीं दुसरा अंक बसतो.

आणखी एक भेद महत्त्वाचा. जुन्या फिरत्या चुंबकी चकतीवर पुसलेलें बरेच दिवस टिकूं शकतें. परंतु एसएसडी म्हणून जी फिरता भाग नसलेली नवी चकती येते, तिला 'ही जागा मोकळी झाली' अशी 'ट्रिम' नांवाची सूचना संगणक देतो व ती चकती ती जागा आपण होऊन साफ करूं लागते. तेथें आशा थोडीच ठेवावी. आणि चकतींतून खटखट आवाज येत असेल किंवा ती पाण्यांत भिजली असेल, तर ती स्वतः चालवून पाहूं नये. अशी चकती या कामांतील जाणत्याकडे द्यावी. चकती वाचतां येते पण क्षीण झाली आहे असें वाटल्यास प्रथम तिची संपूर्ण प्रतिकृति दुसऱ्या चकतीवर उतरावी व सर्व शोध प्रतिकृतींत करावा. जीर्ण पोथी वारंवार न उघडतां तिच्या नकलेवरून काम करावें, तोच हा न्याय.

प्रतिमा परत आल्या म्हणजे संपादकाचें काम सुरू होतें. लक्षणांवरून सांपडलेल्या प्रतिमांस मूळ नांवें नसतात, नुसते आकडे असतात. 'पत्र ४२, पृष्ठभाग' हें आपण दिलेलें नांव गेलेलें असतें. अशा वेळीं प्रतिमेच्या पोटांत कॅमेऱ्यानें नोंदलेली तारीख व वेळ पाहून क्रम लावावा आणि पोथीच्या समासांतील पत्रांकांशीं तो ताडून घ्यावा. प्रत्येक प्रतिमा पूर्ण आकारांत उघडून शेवटच्या ओळीपर्यंत पाहावी. कारण जेपेगच्या पोटांत एक चिमुकली प्रतिमाही असते, व कधीं कधीं तेवढीच हातीं लागते. ज्या पानाचा खालचा भाग बिघडला, तेथें 'त्रुटित' अशी नोंद करावी. तर्कानें ओळी भरूं नयेत. कोणत्या प्रतिमा मूळच्या व कोणत्या परत मिळविलेल्या, हें संग्रहाच्या यादींत स्पष्ट लिहावें. पुढील अभ्यासकास तो भेद कळला पाहिजे.

या सर्व खटाटोपाहून पूर्वदक्षता सोपी आहे. प्रत्येक संग्रहाच्या तीन प्रति असाव्या. त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि एक तरी दुसऱ्या गांवीं असावी. सांगलीच्या संग्राहकानें आपली एक प्रत साताऱ्यास, उंचावरील घरीं, ठेवावी. साताऱ्याच्या गृहस्थानें आपली सांगलीस ठेवावयाची तर ती पूररेषेबाहेर ठेवावी. कार्डावरील प्रतिमा संगणकांत उतरल्या, म्हणजे त्यांची संख्या मोजावी, कांहीं उघडून पाहाव्या, दुसरी प्रत करावी, आणि मगच कार्ड रिकामें करावें. तिन्ही प्रति वर्षांतून एकदां उघडून पडताळाव्या. पूर्वीं पोथ्यांना वर्षाकाळानंतर ऊन दाखवीत. हें त्याच जातीचें काम आहे व त्यास एक दिवस पुरतो.